चौथऱ्याआधी चौक बघ

सप्रेम आशीर्वाद.

मॉडेलचे फोटो पाहिले. सहा फुटी चौथरा, त्यावर नऊ फुटी पुतळा, हात उंचावलेला, नजर आभाळात. हात तुझा तयार आहे, प्रश्न तो नाही. पण खालची पाटी बदलली तर हा पुतळा कुठल्याही शहरात खपेल. माझं घोडं तिथे अडलं.

फ्रान्समधल्या कॅले शहरातलं शिल्प आठव. इंग्रजांच्या जवळजवळ अकरा महिन्यांच्या वेढ्यानंतर, १३४७ मध्ये, सहा नागरिक गळ्यात दोर अडकवून, शहराच्या किल्ल्या घेऊन राजापुढे गेले. १८८४ मध्ये नगरपालिकेला त्यांतल्या म्होरक्याचाच पुतळा हवा होता. शिल्पकार रोदँने एकाच्या मोबदल्यात सहाही जण देऊ केले! आणि तेही कसे? एकाने डोकं दोन्ही हातांत गच्च धरलंय, म्हातारा मान खाली घालून चाललाय. समितीला हे रुचलं नाही, तिला वीर हवे होते. मला विचारशील तर मरायला निघालेला, तरीही चालत राहिलेला माणूस मला जास्त वीर वाटतो. ही माणसं येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बरोबरीने, जवळजवळ जमिनीवर उभी असावीत अशी रोदँची कल्पना होती. १८९५ मध्ये ती चढली उंच चौथऱ्यावर, कठड्याआड. नगरभवनासमोर बुटक्या बैठकीवर आली ती १९२४ मध्ये. तोवर रोदँला जाऊन सात वर्षं झाली होती.

बुडापेस्टला डॅन्यूबच्या काठी तर माणूसच नाही. २००५ पासून तिथे लोखंडी बुटांचे साठ जोड आहेत, बस्स. १९४४-४५ मध्ये ज्यूंना नदीकाठी उभं करून, बूट काढायला लावून गोळ्या घातल्या गेल्या. पुतळा उभारला असता तर त्याची सावली त्या बुटांवरच पडली असती.

म्हणून आधी विचार, तुझ्या चौकात नेमकं काय घडलं आणि ते कुणाच्या हातून घडलं.

उंची कमी केलीस की लोकांचे हात लागणार. लागू देत. जर्मनीत ब्रेमेनच्या चौकातल्या पुतळ्यातल्या गाढवाचे पुढचे पाय हात लागून लागून सोन्यासारखे चकचकीत झालेत. फक्त हाताला येणाऱ्या भागात पत्रा जाड ठेव, बारीक बोटं किंवा काठ्या बाहेर काढू नकोस, आत साचलेलं पाणी निघायला तळाशी भोकं ठेव. आतला सांगाडा साध्या लोखंडाचा नको. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या तांब्याच्या पत्र्यामागच्या लोखंडी पट्ट्या गंजल्या आणि १९८६ पर्यंत त्या बदलून स्टेनलेस स्टीलच्या घालाव्या लागल्या.

कोनशिलेवर देणगीदारांची नावं किती मोठी, यावर वाद होईल. त्यात पडू नकोस.

मातीला हात लावण्याआधी पुठ्ठ्याची पूर्ण मापाची आकृती काप आणि सकाळच्या गर्दीच्या वेळी चौकात उभी कर. तू लांब जाऊन बस. लोक कुठून येतात, कुठे थबकतात, मुलं कुठे चढायला बघतात, ते वहीत टिपून मला पाठव. मग चौथऱ्याचं बोलू.

तुझे,
सर