माफी मागून झाली, तरी मन का जळतं?

"देवाजवळ पाप कबूल केलं, रडले, उपवास धरला, तरी ओझं उतरत नाही. माझाच विश्वास कमी पडतोय का?" सोलापुरातल्या ख्रिस्ती घरांतून माझ्याकडे येणाऱ्या बायकांचा, आणि आताशा पुरुषांचाही, हा ठरलेला प्रश्न. "आणखी प्रार्थना करा" असं सांगणारे त्यांना आधीच पुष्कळ भेटलेले असतात. मी आधी विचारते, कबूल नेमकं काय करताय? बहुतेक वेळा घोटाळा तिथंच असतो.

एका बाईंचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. वय चाळिशीचं, राहायला अक्कलकोट रोडच्या बाजूला. कारखान्यातून टॉवेल आणून घरी कडा शिवायच्या. रविवारी उपासना कधी चुकवली नाही, पण प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणाचा विधी, असलं की शेवटच्या बाकावर बसायचं आणि भाकर-प्याला फिरायच्या आत चपला घालून बाहेर. सासूबाईंनी विचारलं तर पोटात दुखतंय. हे कितीतरी वर्षं चाललेलं.

"रोज रात्री म्हणते ओ ताई, प्रभू, माझी सगळी पापं माफ कर. त्यानं केलं असंल तर झोप का येईना?"

सगळी म्हणजे कोणती, यावर बरेच दिवस काही आलं नाही. बोलताना त्या पदराचं टोक दोनदा दुमडून नखानं दाबत राहायच्या, कड घालतात तशी. मग एके दिवशी मान खाली घालून सांगून टाकलं.

त्या दहा-अकरा वर्षांच्या असताना एक नातेवाईक सिव्हिलमध्ये औषधपाण्यासाठी म्हणून घरी येऊन राहिला होता. त्यानं रात्री जे केलं ते त्यांनी आईला सांगितलं. आईनं थोबाडीत दिली आणि तोंड उघडू नकोस म्हणाली. पुढे बऱ्याच वर्षांनी त्याच आईला अर्धांगवायू झाला आणि करायची पाळी यांच्यावर आली. रात्री आई हाक मारायची, अंथरूण ओलं झालेलं असायचं. या जाग्या असायच्या आणि उठायच्या नाहीत. सकाळपर्यंत तशीच ठेवायच्या. बार्शीच्या थोरल्या बहिणीला फोनवर मात्र, "आईचं सगळं नीट चाललंय." आई गेली त्यालाही आता काळ लोटला.

हे दोन्ही त्यांनी एकाच गाठोड्यात बांधलं होतं, आणि "माझी घाण" म्हणताना पहिलं नाव त्या नातेवाइकाच्या कृत्याचं घेत होत्या.

मी त्यांना बायबलमधल्या 2 शमुवेलचा 13 वा अध्याय वाचायला दिला. तामारवर तिचाच सावत्र भाऊ अत्याचार करतो. ती शोकानं डोक्यावर राख टाकते, अंगावरचा झगा फाडते, मोठ्यानं रडत जाते. सख्खा भाऊ अबशालोम तिला गप्प राहायला सांगतो. बाप दावीद राजा संतापतो, पण करत काही नाही. घरोघरी हेच होतं की! त्या अध्यायात तामारला कुणीही पश्चात्ताप करायला सांगत नाही. बाईंनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "हिनं माफी मागितलीच नाही." मी म्हटलं, कशाची मागणार?

जे आपल्यावर झालं, त्याचा पापांगीकार होत नाही. ते कुणाला तरी सांगायचं असतं, त्यावर रडायचं असतं. दुसऱ्याच्या पापाची माफी जन्मभर मागितली तरी ती आपल्याला लागू कशी पडेल?

आईचं प्रकरण वेगळं. ते त्यांचं स्वतःचं होतं आणि तिथं "तुमचा काही दोष नाही" म्हणणं म्हणजे लबाडी झाली असती. पण "सगळी पापं" या मोघम शब्दाखाली तेही दडून बसलं होतं. उरीयाला मारवून त्याची बायको घेणाऱ्या दावीदापुढे नाथान संदेष्टा उभा राहिला तेव्हा त्यानं उरीयाचं नाव घेतलं, त्याच्या बायकोचा उल्लेख केला. कबुली अशी नेमकी लागते. अमेरिकन मराठी मिशन या प्रोटेस्टंट मिशनच्या काळापासूनच्या, 1970 नंतर चर्च ऑफ नॉर्थ इंडियात असलेल्या मंडळ्यांत सगळे मिळून पापांगीकार म्हणतात. तो हवाच, पण त्या एका सुरात आपली ओली गोधडी लपून जाते. याकोबाच्या पत्रात (5:16) निरोगी व्हावं म्हणून एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगितलंय ते यासाठीच, असं मला वाटतं.

एकमेकांजवळ म्हणजे चारचौघांत नव्हे. मंडळीतल्या कुणीतरी त्यांना सभेत साक्ष द्यायला सुचवलं होतं. मी स्पष्ट नको म्हटलं. असल्या साक्षीची सोमवारी चाळभर चर्चा होते. कॅथलिकांचं एक बरं आहे, पापनिवेदनात ऐकलेलं फोडायला फादरांना चर्चच्या कायद्यानं पूर्ण बंदी आहे. बाकीच्यांनी पोटात ठेवणारं माणूस शोधावं. बाईंनी पाळकबाईंना निवडलं. ओल्या अंथरुणाचं, बहिणीशी बोललेल्या खोट्याचं, एकेक सांगितलं. पाळकबाईंनी उपदेश केला नाही, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. त्या रात्री झोप लागली म्हणाल्या. रोज लागते असं नाही.

मग बहिणीला सांगायचं ठरलं. बहीण ऐकून घेईल, गळ्यात पडेल असं यांच्या मनात होतं. तिनं फोन ठेवून दिला आणि दोन महिने उचलला नाही. आता बोलणं होतं, पण मुलांपुरतं.

इथं दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. अत्याचार करणारा माणूस जिवंत असेल आणि घरात आज एखादं लेकरू त्याच्या हाताशी असेल, तर तो विषय प्रार्थनेपुरता ठेवता येत नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार माहिती असणाऱ्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइन आहे. दुसरं, जेवण तुटलं, जीव नकोसा वाटू लागला तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे. गोळी घेतल्यानं विश्वास बाटत नाही.

या बाईंना सध्या आईचा राग येतोय, थोबाडीत दिली त्याचा. "मेलेल्या आईवर राग धरते, हे पण कबूल करू का?" मी म्हटलं, आधी तो देवाला ऐकवा तरी. स्तोत्र 88 दिलं. ते तक्रारीनं भरलेलं आहे आणि शेवटच्या ओळीपर्यंत अंधारातच राहतं.

"असलं देवाला बोललेलं चालतंय?"

"कोरहाच्या घराण्यातल्या गायक पोरांनी गायलंय," मी म्हटलं. "तेही मंदिरात."