सोल सुटलेले बूट आणि साडेसहा हजारांची क्रेडिट नोट

कळव्याला राहणाऱ्या, ऐरोलीत नोकरी करणाऱ्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. वय २७, हातात येणारा पगार ३८ हजार. मेअखेरीस तिने ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानातून ६,४९९ रुपयांचे ट्रेकिंगचे बूट घेतले, क्रेडिट कार्डावर सहा हप्त्यांत. दुसऱ्याच ट्रेकला, कळसूबाईच्या शिड्या उतरताना, उजव्या बुटाचा सोल टाचेपासून सुटला. दुकानदार म्हणतो, बिलावरची पंधरा दिवसांची मुदत संपली, पैसे मिळणार नाहीत. पूर्ण रकमेची क्रेडिट नोट घ्या, ९० दिवसांत वापरा, नाहीतर ४५० रुपयांत चिकटवून देतो. तिचा प्रश्न असा: नोट घेऊन वर अडीच हजार घालावेत आणि ८,९९९ चा जोड घ्यावा का? आणि हा वाद मिटेपर्यंत हप्ते थांबवावेत का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तिथे नुकसान लगेच होतं. हप्ते थांबवू नका. तुमचं भांडण दुकानाशी आहे, बँकेशी नाही. हप्ता चुकला की विलंब शुल्क लागतं, थकलेल्या रकमेवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज चढतं, म्हणजे वर्षाला ३६ ते ४२ टक्के. शिवाय सिबिलवर डाग पडतो तो वेगळाच. उद्या घराच्या कर्जासाठी गेलात, तर बूट खराब निघाले होते हे तिथे कोणी ऐकून घेणार नाही.

आता क्रेडिट नोटेकडे येऊ. ६,४९९ चा कागद म्हणजे ६,४९९ रुपये नव्हेत. पैशाने वीजबिल भरता येतं, या कागदाने फक्त त्याच दुकानातून माल घेता येतो, तोही ९० दिवसांत आणि त्यांच्या किमतीला. वर अडीच हजार घातलेत, तर ज्या दुकानाच्या मालाने तुम्हाला डोंगरावर दगा दिला, त्याच दुकानात तुमचे ८,९९९ अडकतील. ही रक्कम तुमच्या महिन्याच्या पगाराचा जवळजवळ चौथा हिस्सा आहे. हा पर्याय मला अजिबात पटत नाही.

चिकटवूनही घेऊ नका, निदान आत्ता नको. एकदा दुरुस्ती झाली की मूळ दोष दाखवायला काही उरत नाही. आधी फोटो काढा: सुटलेला सोल, आतली बाजू, बिल आणि खोक्यावरची उत्पादनाची तारीख. ही तारीख फार महत्त्वाची आहे. अशा अनेक बुटांच्या तळव्यात पॉलियुरेथेनचा थर असतो आणि हवेतल्या दमटपणाने तो नुसता पडून राहिला तरी विरत जातो. काही वर्षं गोदामात राहिलेला जोड बाहेरून कोरा दिसतो आणि चार तासांच्या चालीत तुटतो. बोटाने दाबल्यावर थराचा भुगा होत असेल, तर माल जुना असण्याची शक्यता मोठी. थर शाबूत असून सोल स्वच्छ सुटला असेल, तर चिकटवण्यात खोट आहे. दोन ट्रेकमध्ये एवढी झीज होत नसते, हे दुकानदारालाही ठाऊक आहे.

पंधरा दिवसांच्या मुदतीने घाबरून जाऊ नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिलात लिहिलेल्या मुदतीत, किंवा मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ती मुदत उलटली म्हणून सदोष मालाची तक्रार करण्याचा तुमचा हक्क मात्र संपत नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांपर्यंत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. खोक्यात कंपनीचं वॉरंटी कार्ड आहे का, तेही बघा. असेल तर कंपनीलाही त्याच दिवशी लिहा.

मागणी तोंडी नको. दुकानाला ईमेल करा: खरेदीची तारीख, बिल क्रमांक, दोष कधी दिसला, फोटो, आणि १५ दिवसांत पूर्ण परतावा हवा हे स्पष्ट वाक्य. उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. या दोन्हीत मिळून तुमचा तासभर जाईल. साडेसहा हजारांसाठी एक तास जरूर द्यावा.

त्यापुढचा हिशोब वेगळा आहे. आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, ती ऑनलाइन दाखल करता येते, वकील सक्तीचा नाही. पण वेळ जातो. महिन्याचे २६ दिवस धरले तर तुमचा दिवस साधारण १,४६० रुपयांचा. चार रजा बिनपगारी झाल्या की ५,८४० गेले. म्हणून सुरुवातीलाच ठरवा की रजा टाकून लढायचं नाही. ऑनलाइन जमत असेल तर तक्रार जरूर करा, आणि बुटांच्या किमतीबरोबर त्रासाची भरपाई आणि खर्चही मागा.

महिनाभरात काहीच हललं नाही आणि एवढी धावपळ झेपणार नसेल, तर नोट घेतलीत म्हणून मी तुम्हाला दोष देणार नाही. फक्त मुदत वर्षाची लिहून घ्या आणि वर एक रुपयाही घालू नका. घरातल्या कोणाला लागणारी चप्पल, पावसाळी बूट, जे घ्यायचंच होतं तेच घ्या.

परतावा कार्डावर आला तर हप्ते आपोआप बंद होतील असं धरून चालू नका. बँकेला फोन करून हप्त्यांची योजना बंद करायला सांगा आणि प्रक्रिया शुल्क, व्याजापैकी काय परत मिळतं ते विचारा. ऑगस्टमध्ये हरिश्चंद्रगड ठरलाय म्हणता, तर त्यासाठी मैत्रिणीचे बूट मागून घ्या, मापाचे बघून. हा जोड चिकटवून शेवाळलेल्या कातळावर मात्र जाऊ नका. पुढचा हप्ता ५ तारखेला आहे, तो भरा, आणि ईमेल आज रात्रीच पाठवा.