आजीच्या चर्चमध्ये जाऊन बसलं तर चालेल का? चालेल, पण विचारतील, तुम्ही कोणाचे?

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा सांगतो. आजी नागपूरची मराठी ख्रिस्ती, बाबा लहानपणीच पुण्याला गेले, घरात नाताळचा केक सोडला तर काही उरलं नाही, आता नोकरीसाठी तुम्ही नागपुरात आलात आणि आजीच्या चर्चमध्ये जावंसं वाटून राहिलंय, पण विश्वास आहे की नाही हेच कळत नाही, मग जाऊन बसणं ढोंग होईल का, आणि घराण्याची काही माहिती तिथं मिळेल का.

जा. बिनधास्त जा. विश्वास दारात कोणी तपासत नाही. उपासना संपली की बाहेर चहापाशी एखादी मावशी येईल, जय ख्रिस्त म्हणेल आणि दुसऱ्याच वाक्याला विचारेल, "तुम्ही कोणाचे?" याला "मी अमक्या कंपनीत आहे" असं उत्तर देऊ नका. मी एकदा दिलं होतं, बऱ्याच वर्षांनी गेलो होतो तेव्हा, तर त्या मावशींनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं जशी नापास पोराकडे पाहतात. त्यांना पाहिजे असतं घराणं, गाव, आजी कोणत्या मिशनच्या शाळेत होती, तिची बहीण कुठं दिली, असं सगळं. दोन मिनिटांत त्या तुम्हाला कुठल्यातरी खुंटीला अडकवतात, आणि मग तुम्ही काय मानता, काय मानत नाही, याच्याशी पुढची दहा वर्षं कोणाला काही घेणं नसतं.

मी चौथ्या पिढीतला. शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या वर्गात, बायबलची वचनं पाठ केली, कन्फर्मेशन, म्हणजे मोठेपणी विश्वास पक्का करायचा विधी, झाला, आणि अठराव्या वर्षी इंजिनीअरिंगला लागलो तसं सगळं सुटलं. भांडण नाही, काही नाही, नुसतं सुटलं. नाताळला जायचो, तेही आत्याच्या करंज्यांसाठी. आमच्या घरात एक गोष्ट मात्र पक्की होती. कवी ना. वा. टिळक ख्रिस्ती व्हायच्या आधी काही काळ नागपुरात होते हे तुम्हाला कदाचित माहीत असेल, नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या माणसानं त्यांच्या हातात नवा करार, म्हणजे बायबलचा येशूनंतरचा भाग, दिला आणि पुढं 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तर आमच्या घरची गोष्ट अशी की माझ्या पणजोबांचे वडील टिळकांच्या बैठकीतले शास्त्री होते, आणि टिळकांच्या पाठोपाठ तेही ख्रिस्ती झाले. आत्या ही गोष्ट दर नाताळला सांगायची, आणि दरवर्षी ते शास्त्रीबुवा थोडे जास्त विद्वान व्हायचे. एका वर्षी तर ते त्याच डब्यात बसलेले होते.

2011 मध्ये आबाजी, म्हणजे माझे आजोबा, वारले. कबरीवरच्या दगडासाठी त्यांच्या बाप्तिस्म्याची तारीख पाहिजे होती म्हणून मी पाळकांकडे, म्हणजे चर्चच्या पाद्र्यांकडे, गेलो. त्यांनी लोखंडी कपाट उघडलं, वरचं एक रजिस्टर वाळवीनं खाल्लेलं, बाकीची बरी होती. आबाजींची नोंद पाच मिनिटांत मिळाली. मग पाळक म्हणाले बसा, घाई नसेल तर मागचीही पाहा, आणि मी पाहत बसलो, दुपारचं जेवण गेलं त्यात. पणजोबांच्या लग्नाची नोंद 1917 ची, इंग्रजीत, टाकानं लिहिलेली, बापाच्या नावाच्या रकान्यात दोनच शब्द, "माहीत नाही". मला वाटलं लिहिणाऱ्याचा आळस असेल. पण मग 1900 सालची बाप्तिस्म्याची पानं काढली, तर तिथं एकाखाली एक पोरांची नावं, वय अंदाजे पाच, अंदाजे सात, अंदाजे चार, पत्ता सगळ्यांचा एकच, अनाथाश्रम. त्यात पणजोबा. अंदाजे सहा. आडनाव नाही, आई नाही, बाप नाही.

1899-1900 चा दुष्काळ, ज्याला म्हातारी माणसं छप्पनचा दुष्काळ म्हणायची, कारण विक्रम संवत 1956 होतं. त्याच्या आधी 1896-97 चा झालेलाच होता, त्यातून लोक उठतात न उठतात तोच हा. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या वेगवेगळ्या मिशनांनी तेव्हा पोरांसाठी आश्रम काढले, आणि इकडच्या कितीतरी ख्रिस्ती घरांची पहिली नोंद ही अशीच आहे, वय अंदाजे, आईबाप माहीत नाही. शास्त्रीबिस्त्री कोणी नाही. उपाशी लेकरू होतं, कोणीतरी आणून सोडलं किंवा स्वतःच चालत आलं.

आडनाव आमचं गावावरून आहे, शेवटी "कर" लागलेलं. बहुतेक पोरानं आपण कुठून आलो ते सांगितलं असेल आणि तेच लावलं गेलं. ते गाव आहे अजून, यवतमाळच्या रस्त्याला. मी एकदा बाइकवर गेलो. कोणाला काय विचारणार, सव्वाशे वर्षांपूर्वी तुमच्याकडून एक पोरगं हरवलं होतं का? एका दुकानदारानं चहा पाजला, कोणत्या पार्टीचे म्हणून विचारलं, मी परत आलो.

आत्याला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, लिहिणारा घाईत असेल. अजूनही ती रेल्वेची गोष्ट सांगते, फक्त आता सांगताना माझ्याकडे पाहत नाही.

मला मात्र लाज वाटली होती, हे खरं सांगतो. रविवारी चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर एक काका बसतात, रेल्वेत गार्ड होते, त्यांना मी बोलून गेलो. ते म्हणाले, "अरे तुझ्या पणजोबाला निदान गाव तरी आठवत होतं. माझ्या आजाला नावही आश्रमवाल्यायनंच ठेवलं." आणि चष्मा पुसत बसले. त्या दिवशी मला पहिल्यांदा लक्षात आलं की त्या हॉलमधले निम्मे लोक त्या कपाटातल्या दोनतीन पानांवरून आलेले आहेत, एकमेकांचे कोणी नव्हते म्हणून एकमेकांचे झालेले, आणि "तुम्ही कोणाचे" हा प्रश्न ते काऊन इतक्या जोरात विचारतात तेही.

आता तुमच्या कामाचं. आजी नेमकी कोणत्या मंडळीची होती ते आधी काढा, कारण नागपुरात चर्च म्हटलं की एक नाही. नागपूरच्या बऱ्याच प्रोटेस्टंट घरांचा धागा स्कॉटिश मिशनपर्यंत जातो. स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये इथं आला, शाळा काढल्या, आणि दगडगोटे, जीवाश्म, गोंडांची भाषा असं काय काय गोळा करत फिरायचा, एका खनिजाला त्याचं नाव आहे. 4 सप्टेंबर 1863 ला टाकळघाटची जुनी दगडी वर्तुळं पाहून परतताना रात्री ओढ्याला पूर आलेला, त्यात वाहून गेला. हिस्लॉप कॉलेज त्यानंतर वीस वर्षांनी, 1883 चं. आपल्या नागपूरकरांना हिस्लॉप म्हणजे ॲडमिशनची लाइन एवढंच माहीत. इंग्रजी अँग्लिकन लोकांचं ऑल सेंट्स कॅथेड्रल सदरला. आणि 29 नोव्हेंबर 1970 ला तिथंच, म्हणजे आपल्या नागपुरातच, सहा वेगवेगळी चर्च एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, झालं. म्हणून जुन्या सर्टिफिकेटवर युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया वगैरे लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका, ते आता सीएनआयमध्येच आहे. मेथडिस्टांचे मात्र सगळे आले नाहीत, त्यांची वेगळी मंडळी आहे, तेही विचारून घ्या. आजी कॅथलिक असेल तर सदरलाच सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल आहे, आणि कॅथलिकांचं एक बरं असतं, बाप्तिस्म्याच्या नोंदीच्या बाजूला समासात पुढं दृढीकरण (म्हणजे कन्फर्मेशन) आणि लग्न कुठं झालं तेही लिहितात, म्हणजे एक नोंद सापडली की पुढचा माग लागतो.

प्रोटेस्टंट असेल तर मी म्हणेन बाप्तिस्म्याआधी लग्नाची नोंद शोधा. 1872 चा ख्रिस्ती विवाह कायदा आहे, त्याच्या फॉर्ममध्ये दोघांची वयं, धंदा, राहायचं ठिकाण आणि दोघांच्या बापांची नावं येतात, बाप्तिस्म्याच्या नोंदीपेक्षा जास्त मसाला असतो. रविवारी गर्दीत पाळकांना पकडू नका, मधल्या वारी फोन करून जा, पानांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, बाकीच्यांच्या घरच्याही गोष्टी त्याच पानावर असतात. आणि कब्रस्तानात जा. इस्टरच्या पहाटे गेलात तर उत्तम, लोक अंधारात मेणबत्त्या घेऊन आपापल्या माणसांपाशी उभे असतात, आजीचं आडनाव कोणत्या दगडावर आहे हे दाखवायला तिथं दहा माणसं भेटतील.

एक नाजूक गोष्ट. घरातल्या कागदांवर आणि चर्चच्या रजिस्टरमध्ये मेळ नसेल तर बाबांवर लगेच चिडू नका. 1950 च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता, 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही नाहीत. त्यामुळं शाळेच्या दाखल्यावर एक आणि रविवारी एक असं जगलेली घरं आहेत, आणि ते लोक खोटारडे होते असं मला तरी म्हणता येत नाही. पोरांच्या शिक्षणाचा सवाल होता. आणि उलटंही आहे, चर्चमध्येसुद्धा लग्नाचं निघालं की हळूच "मूळचे कोणते?" असं विचारणारे भेटतात. मला भेटले. राग येतो. पाव तोडताना सगळे एक आणि सोयरीक जुळवताना जात, हे आपल्याकडचं जुनं दुखणं आहे.

तसंच कमिटीच्या निवडणुका, जमिनीच्या केसेस, मराठी उपासना किती वाजता आणि इंग्रजी किती वाजता यावरून रुसवे, हे सगळं दिसेल. कोणत्या मंडळीत ते सांगत नाही, पण एका वर्षी आमच्याकडं दोन गटांनी दोन वेगळ्या कॅरोल पार्ट्या काढल्या आणि एकाच रात्री एकाच घरी दोन्ही पोचल्या. घरमालकानं दोघांना चिवडा दिला. पहिलं वर्षभर कोणत्याच बाजूनं बोलू नका.

राहिला विश्वास. यात मी काय सांगणार, माझाच अर्धामुर्धा आहे. विश्वासांगीकार, म्हणजे "मी अमुक मानतो" असं सगळे मिळून म्हणतात ते, म्हणताना काही ओळी मी मोठ्यानं म्हणतो आणि काही ओळींना ओठ हलवतो. शेजारच्याला कळत असेलच. पण पेटी-तबल्यावर टिळकांचं भजन सुरू झालं आणि मागून बायकांचा आवाज चढला की माझं काहीतरी होते, ते काय होते हे मला नीट सांगता येत नाही, आबाजींच्या कोटाचा डांबरगोळ्यांचा वास येतो म्हणा. ते प्रभूचं आहे की आबाजींचं, मी वेगळं करायच्या भानगडीत पडलो नाही. प्रभुभोजनाच्या, म्हणजे पाव आणि द्राक्षरस वाटतात त्या, वेळी तुम्ही जागेवरच बसा, बाप्तिस्मा नसेल तर पुढं जायचं नसतं आणि बसून राहिलेल्याला कोणी काही म्हणत नाही. बसून राहणं ढोंग नाही. ढोंग मी केलंय, न बसता, नाताळच्या करंज्या खाऊन.

मला स्वतःला आपण इथले आहोत असं पहिल्यांदा वाटलं ते हंगामाच्या सणाला, आणि ते फार आध्यात्मिक नव्हतं. लोक शेतातलं, परसातलं, नाहीतर सरळ बाजारातलं घेऊन येतात, संत्री, तुरीच्या शेंगा, अंडी, एखादी जिवंत कोंबडी, समोर ठेवतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. आमची आई दरवर्षी कोहळा आणायची. त्या वर्षी ती नव्हती, दुसऱ्याच कोणीतरी आणलेला कोहळा निघाला, आणि मी काही विचार न करता बोली लावली. गार्ड काकांनी मुद्दाम चढवली. मी चढवली. सहाशे रुपयांना कोहळा पडला भाऊ, बाहेर चाळीसचा. सगळे हसून राहिले होते, आणि मागून ती मावशी, तीच चहावाली, कोणालातरी सांगत होती, "अगं तो तिचाच पोरगा नाही का, कोहळेवालीचा."

तर रविवारी या, दहा मिनिटं आधी या. डावीकडच्या तिसऱ्या बाकावर बसू नका, ती गार्ड काकांची जागा आहे. आणि निघायच्या आधी बाबांना फोन करून आजीचं माहेरचं आडनाव विचारून घ्या, सासरच्या आडनावावरून मावशींना काही लागत नाही.