वाचकांचे प्रश्न : भाजीतील जड धातू उपग्रहाला दिसतात का?

प्रश्न : आमच्या गावाच्या ओढ्याला वरच्या अंगाच्या कारखान्यांचे सांडपाणी मिळते आणि त्याच पाण्यावर पालक, मेथी, कोथिंबीर पिकते. पिकांतील जड धातूंचे प्रदूषण उपग्रहावरून ओळखता येते, असे वाचनात आले. आमच्या भाजीत शिसे किंवा कॅडमियम आहे की नाही, हे त्यावरून कळेल का? (एक वाचक, पुणे जिल्हा)

उत्तर : नाही. उपग्रहाला धातू दिसत नाही. दिसते ती पानाची प्रकृती, आणि या दोन गोष्टींतले अंतर बरेच मोठे आहे.

पानातील हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषून घेते, त्यामुळे 670 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास निरोगी पान जेमतेम 5 टक्के प्रकाश परत पाठवते. त्यापुढच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या निकट-अवरक्त पट्ट्यात मात्र पानाच्या आतील पेशी आणि त्यांच्यामधील हवेच्या पोकळ्या यांमुळे प्रकाश विखुरतो व 40 ते 50 टक्क्यांपर्यंत परत फिरतो. साहजिकच 680 ते 750 नॅनोमीटरच्या दरम्यान परावर्तनाचा आलेख एकदम उभा चढतो. या चढाला 'रेड एज' म्हणतात. कॅडमियम, जस्त किंवा निकेल प्रमाणाबाहेर गेले की मुळांना लोह घेणे अवघड होते आणि हरितद्रव्य कमी तयार होते. तांबे तर हरितद्रव्याच्या रेणूतील मॅग्नेशियमची जागाच बळकावू शकते. हरितद्रव्य घटले की हा चढ काही नॅनोमीटर निळ्या बाजूला, म्हणजे कमी तरंगलांबीकडे, सरकतो, आणि पान डोळ्यांना पिवळे दिसू लागण्याआधीच हा फरक वर्णपटमापकावर, म्हणजे प्रत्येक तरंगलांबीचा किती प्रकाश परत येतो हे मोजणाऱ्या उपकरणावर, उमटू शकतो.

अडचण पुढेच आहे. नत्र कमी पडले, पाण्याचा ताण बसला, रोग आला किंवा पान जून झाले, तरी चढ तसाच सरकतो. चुनखडीच्या जमिनीत उसावर येणारा केवडा आपल्या शेतकऱ्यांना परिचित आहे. तोही लोहाच्या कमतरतेनेच येतो, पण तिथे धातूंच्या प्रदूषणाचा काहीही संबंध नसतो, आणि वरून पाहणाऱ्याला ही दोन्ही पिवळी पाने सारखीच.

याहून गंभीर बाब उलट बाजूची आहे. पालेभाज्यांत कॅडमियमची कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांतील मर्यादा किलोमागे 0.2 मिलिग्रॅम, म्हणजे 50 लाख भागांत एक भाग, इतकी आहे. इतक्या अल्प धातूची स्वतःची खूण पानावरून परतणाऱ्या प्रकाशात सापडत नाही, आणि माणसाला अपायकारक ठरेल इतके कॅडमियम साठवूनही झाड टवटवीत राहू शकते. जपानच्या तोयामा प्रांतात जिन्झू नदीत खाणीचे कॅडमियम उतरले, त्या पाण्यावर भात पिकला आणि तो खाणाऱ्यांना हाडे ठिसूळ करणारा इताई-इताई हा वेदनादायक आजार जडला; 1968 मध्ये जपान सरकारने त्याचे कारण प्रदूषण असल्याचे मान्य केले. शिशाचे वर्तन वेगळे आहे. ते बहुतांशी मुळांतच अडकते, आणि पालेभाजीत आढळते तेव्हा त्याचा बराचसा भाग पानावर बसलेल्या धुळीतून व मातीतून आलेला असू शकतो. ही धूळ धुऊन बऱ्याच अंशी जाते, आत शोषलेले कॅडमियम मात्र धुऊन जात नाही.

आपल्या गावापुरता मार्ग जुनाच आहे. ओढ्याच्या पाण्यावरील पालकाचे नमुने पाटाच्या तोंडाशी आणि शेवटच्या वाफ्यात असे दोन्हीकडून घ्यावेत, विहिरीच्या पाण्यावर वाढलेल्या पालकाचा एक नमुना तुलनेसाठी घ्यावा, सोबत त्या त्या वाफ्यातील माती द्यावी, आणि जड धातूंची तपासणी करणाऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून शिसे व कॅडमियम मोजून घ्यावे. नेहमीच्या माती परीक्षणात सामू, क्षारता, नत्र, स्फुरद, पालाश पाहतात. हे धातू त्यात सहसा नसतात, म्हणून ते नाव घेऊन मागावे लागतात.

प्रश्न : मग या तंत्राचा उपयोग तरी कोठे झाला?

उत्तर : गंमत अशी की आरंभीचा एक गाजलेला प्रयोग प्रदूषणासाठी नव्हताच, तो खनिजाच्या शोधासाठी होता. अमेरिकेतील मोंटाना राज्यात कॉटर बेसिन येथे जमिनीखाली तांब्याचे साठे आहेत. त्यांच्यावर वाढलेल्या सूचिपर्णी झाडांचा वर्णपट विमानातून मोजला असता रेड एज निळ्या बाजूला सरकलेली आढळली, आणि 1983 मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

प्रदूषणाच्या बाबतीत स्पेनमधील आस्नालकोयार येथील दुर्घटनेचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. 25 एप्रिल 1998 रोजी तेथील खाणीच्या गाळाचा बांध फुटला आणि आर्सेनिक, शिसे, जस्त, कॅडमियम असलेला आम्लयुक्त चिखल ग्वादियामार नदीच्या काठाने, दोन्याना राष्ट्रीय उद्यानाच्या दिशेने, चार हजारांहून अधिक हेक्टरांवर पसरला. गाळ उपसल्यानंतर काय शिल्लक राहिले, हे शोधण्यासाठी विमानातून तरंगलांबीच्या शेकडाभर पट्ट्यांत वर्णपट घेण्यात आले. तेथे संशोधकांनी मुख्यतः उघड्या मातीवर भर दिला, कारण गाळातील पायराइट हे लोह-गंधकाचे खनिज हवेत गंजून होणारी लोहसंयुगे वर्णपटात स्पष्ट दिसतात आणि धातूंचा अंदाज त्यांच्या आधाराने बांधता येतो. आमच्या मते या तंत्राचे खरे बळ येथेच आहे : हजारो हेक्टरांतून नमुने नेमके कोठून घ्यावेत, हे ते सांगते, आणि त्यामुळे प्रयोगशाळेचा खर्च वाचतो. पिकावर ते वापरायचे असेल, तर आधी त्याच भागात हातातल्या वर्णपटमापकाने पाने मोजावी लागतात, तीच पाने प्रयोगशाळेत आम्लात विरघळवून धातू मोजावे लागतात, आणि मग दोहोंचे गणित जुळवावे लागते. भातावर बसवलेले गणित मेथीला लागू पडत नाही, आणि फुलोऱ्यातील भाताचे कोवळ्या रोपांनाही नाही.

प्रश्न : सर्वसामान्य अभ्यासकाला अशी माहिती मिळू शकते का?

उत्तर : मिळते. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांवर रेड एजसाठी स्वतंत्र पट्टे आहेत आणि त्यांची चित्रे विनामूल्य उपलब्ध आहेत. त्या पट्ट्यांत चित्राचा एक ठिपका (पिक्सेल) जमिनीवर 20 मीटर लांब-रुंद, म्हणजे जवळपास चार गुंठ्यांचा असतो. त्यात पालकाचे वाफे, बांध, पाट आणि शेजारची मेथी असे सगळे एकत्र येते. अधिक बारीक पट्ट्यांत पाहणारा भारताचा हायसिस उपग्रह 29 नोव्हेंबर 2018 रोजी सोडण्यात आला, पण त्याचाही ठिपका 30 मीटरचा आहे. म्हणून भाजीच्या तुकड्यांपेक्षा सलग भातखाचरे, ऊस किंवा जंगल यांवर हा अभ्यास अधिक विश्वासार्ह होतो. पावसाळ्यात ढगांमुळे चित्रे फारशी हाती लागत नाहीत. ओढ्याच्या पाण्यावरची पिके मात्र बहुधा रब्बी आणि उन्हाळी असल्याने त्या काळात आकाश मोकळे असते.