तैनाती, नेमणूक आणि रिक्त पद: संसदेतील एका उत्तराचे मराठी

अमळनेर येथे स्पर्धा परीक्षांचा वर्ग घेणाऱ्या एका बाईंनी एक शंका विचारली आहे. डिसेंबर २०२१ मध्ये तत्कालीन संरक्षण राज्यमंत्री अजय भट्ट यांनी सैन्यदलांतील मनुष्यबळाविषयी संसदेत लेखी उत्तर दिले होते. भूदलात ७,४७६ अधिकारी आणि ९७,१७७ जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर, म्हणजे सुभेदारासारखे हुद्देदार) व जवान, हवाई दलात ६२१ अधिकारी आणि ४,८५० वायुसैनिक, तर नौदलात १,२६५ अधिकारी आणि ११,१६६ नौसैनिक कमी आहेत, असे त्यातील आकडे होते. त्यांची बेरीज १,२२,५५५ होते. बाईंनी हे उत्तर वर्गात मराठीत लिहायला दिले. एका विद्यार्थ्याने ‘सैन्यदलांत १,२२,५५५ जवान तैनात नाहीत’ असे लिहिले, दुसऱ्याने ‘सैन्यदलांत १,२२,५५५ पदे रिक्त आहेत’ असे लिहिले. बाईंनी दोघांनाही पूर्ण गुण दिले आणि घरी गेल्यावर त्यांना शंका आली की, ही दोन वाक्ये खरोखर एकच गोष्ट सांगतात का. ‘तैनात’ हा शब्द हिंदीतून आलेला असल्यामुळे तो मराठीत टाळावा का, असेही त्यांनी विचारले आहे.

दुसरे वाक्य बरोबर आहे. पहिल्या वाक्यातील चूक अर्थाची आहे आणि ती मला गंभीर वाटते, कारण त्यात मंत्र्यांनी न सांगितलेली गोष्ट त्यांच्या तोंडी घातली गेली आहे. (अधिकाऱ्यांनाही ‘जवान’ म्हटले गेले, ही त्यातलीच आणखी एक, पण लहान चूक.)

या विषयात तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवाव्या लागतात. दलाला किती माणसे मंजूर आहेत, ही पहिली. मंजूर जागांपैकी किती भरलेल्या आहेत, ही दुसरी. आणि असलेल्या माणसांपैकी कोणती तुकडी कोणत्या कामगिरीसाठी कोठे उभी केली आहे, ही तिसरी. पहिल्या दोहोंतील फरक आला की रिक्त पदांचा आकडा मिळतो. तिसरी गोष्ट या वजाबाकीत कोठेच येत नाही. बाई शिक्षणक्षेत्रातल्या असल्यामुळे त्यांना संचमान्यतेचे, म्हणजे शाळेला मंजूर होणाऱ्या शिक्षकपदांचे, उदाहरण लगेच पटेल. शाळेला संचमान्यतेत बारा पदे मिळाली आणि दहा शिक्षक हजर असले, तर दोन पदे रिक्त आहेत, असे आपण म्हणतो. त्या दहांपैकी दोघांना निवडणुकीच्या कामाला पाठवले, तर वर्गावर आठ उरतात, पण रिक्त पदे दोनच राहतात. निवडणुकीच्या कामाला गेलेले दोघे म्हणजे तैनाती, आणि जी दोन माणसे अस्तित्वातच नाहीत, ती म्हणजे रिक्त पदे.

‘१,२२,५५५ जवान तैनात नाहीत’ या वाक्याचा मराठी वाचकाला लागणारा अर्थ असा की, इतके जवान आहेत, परंतु त्यांना कोठे उभे केलेले नाही. किंवा असा की, सीमेवरील इतक्या जागा उघड्या पडल्या आहेत. मूळ उत्तराला यांपैकी एकही अर्थ अभिप्रेत नव्हता. उलट, सीमेवर नेमके कोठे किती सैन्य आहे, हा तपशील विचारला गेला, तर संरक्षण मंत्री सुरक्षेचे कारण सांगून तो सभागृहाच्या पटलावर ठेवण्याचे सहसा टाळतात. मनुष्यबळाचे आकडे मात्र वर्षानुवर्षे संसदेत दिले जातात. आमच्या धुळ्याचे तत्कालीन खासदार डॉ. सुभाष भामरे २०१६ ते २०१९ या काळात संरक्षण राज्यमंत्री होते, आणि त्या वर्षांत अशी लेखी उत्तरे त्यांच्याच नावाने येत असल्यामुळे खान्देशातील वाचक ती जरा जास्त आस्थेने वाचत असे. एक माहिती खुलेपणाने दिली जाते आणि दुसरी राखून ठेवली जाते. भाषांतरात त्या दोहोंना एकच शब्द लावला, तर हा भेदच पुसला जातो.

आता शब्दाकडे येतो. ‘तैनात’ हिंदीतून आलेला नाही. तो मराठीत शतकांपूर्वी फारसीमार्गे आला असून त्याच्या मुळाशी निश्चित होणे, नेमले जाणे या अर्थाचा अरबी शब्द आहे. ‘ऐन वेळी’, ‘ऐन दुपारी’, ‘ऐन जिनसी’ यांतला ‘ऐन’ त्याच धातूच्या कुळातला आहे. पेशवाईच्या दप्तरात ‘तैनात’ हा शब्द पदोपदी भेटतो, पण तेथे त्याचा अर्थ आजच्यासारखा नाही. तेथे तैनात म्हणजे एखाद्यास ठरवून दिलेली नेमणूक, वेतन, खर्चाची तरतूद. ‘तैनात जाबता’ नावाचा जो कागद असे, त्यात सरदाराने किती स्वार बाळगावेत आणि त्यांच्या खर्चासाठी त्याला कोणता मुलूख किंवा किती रक्कम तोडून दिली आहे, हे मांडलेले असे. आजच्या सरकारी मराठीत ज्याला ‘आकृतिबंध’ (कार्यालयाच्या मंजूर पदांचा आराखडा) म्हणतात, त्याच्या हा कागद पुष्कळच जवळचा आहे. म्हणजे ज्या विद्यार्थ्याने मंजूर संख्येच्या जागी ‘तैनात’ लिहिले, त्याचे वाक्य अठराव्या शतकातल्या कारकुनाला आपल्यापेक्षा कमी खटकले असते. शब्दाचा अर्थ कसा सरकत जातो, हे पाहण्यासारखे यापेक्षा चांगले उदाहरण माझ्या माहितीत थोडेच आहे.

हा अर्थ सरकण्याच्या वाटेवरचा मोठा टप्पा शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, तो म्हणजे ‘तैनाती फौज’. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला. त्यानुसार कंपनीची किमान सहा हजार पायदळाची फौज पेशव्याच्या मुलखात कायम ठेवायची आणि तिच्या खर्चासाठी सव्वीस लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख कंपनीला तोडून द्यायचा, असे ठरले. इतकी माणसे आणि त्यांच्यासाठी इतका मुलूख, ही तैनात जाबत्याचीच मांडणी येथे दिसते. म्हणून या फौजेला ‘तैनाती’ म्हणताना त्या काळच्या मराठी माणसाच्या मनात ‘ठरवून लावून दिलेली’ हा अर्थ असला पाहिजे, असे मी मानतो. परंतु ती फौज पुण्याच्या उशाशी येऊन बसली, आणि पुढच्या पिढ्यांनी त्या शब्दातून तिचे ठरवून दिलेले असणे विसरून तिचे तेथे उभे असणे तेवढे लक्षात ठेवले. वेतनाचा अर्थ गळला आणि ठिकाणाचा अर्थ उरला. आज ‘तैनात’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर चौकी, बंदूक आणि उभा माणूस येतो, पगारपत्रक येत नाही.

मग विद्यार्थ्याची गफलत कोठून आली? माझ्या मते ती आजच्या हिंदीतून आली. हिंदीत ‘तैनाती’ हा शब्द एका माणसाच्या पदस्थापनेलाही सर्रास वापरतात; अमुक अधिकाऱ्याची तमुक जिल्ह्यात ‘तैनाती’ झाली, असे तेथे सहज लिहिले जाते. मराठीत अशा ठिकाणी ‘नेमणूक’ होते, ‘बदली’ होते आणि मनुष्य ‘रुजू’ होतो. शब्द दोन्ही भाषांत आहे, पण त्याचे कुंपण वेगळे आहे. त्यामुळे बाईंच्या दुसऱ्या शंकेचे उत्तर असे की, ‘तैनात’ अवश्य वापरावा, मात्र मराठीच्या कुंपणात ठेवून वापरावा. ‘प्रतिनियुक्ती’ हा शब्दही काही जण तैनातीसाठी वापरतात, तेही योग्य नाही. मूळ खात्यावरील हक्क राखून दुसऱ्या खात्यात काही मुदतीसाठी जाणे, हा त्याचा ठरलेला अर्थ आहे.

हे कुंपण खान्देशातील बोलण्यात किती पक्के आहे, हे मला पारोळ्याकडच्या एका खेड्यात लक्षात आले. तेथे आमच्या नात्यातल्या एका आजींचा नातू सैन्यात आहे. मी त्याची विचारपूस केली, तेव्हा दळण पाखडता पाखडता त्या म्हणाल्या, “भरती व्हयना त्याले चार वरीस व्हयनात. पोस्टिंग लेहमा शे, पन ड्युटी वर पहाडमा शे.” भरती झाला, नेमणूक लेहला आहे, पण काम वर डोंगरात आहे: तीन वाक्यांत तीन वेगळे शब्द आणि एकाचीही सरमिसळ नाही. पोस्टिंग म्हणजे पलटणीचा मुक्काम, जेथे पत्र पोहोचते. ड्युटी म्हणजे प्रत्यक्ष उभे राहण्याची जागा, जेथून आठवडाभर फोन येत नाही. ज्या घरातला मुलगा सैन्यात आहे, त्या घराला हा फरक शिकवावा लागत नाही. ‘फील्ड’ (आघाडीकडचा मुलूख) आणि ‘पीस’ (शांततेचे ठाणे) हे शब्दही त्या घरांत मराठीइतकेच रुळलेले आहेत, कारण कुटुंबाला सोबत नेता येईल की नाही, हे त्यावर ठरते.

धुळ्यात तर याचे उदाहरण रोज दिसते. राज्य राखीव पोलीस दलाच्या गट क्रमांक ६ चे मुख्यालय धुळ्यात आहे. त्याच्या कंपन्या सणासुदीला आणि निवडणुकांना राज्यात दूरदूर बंदोबस्तासाठी जातात. तेथील जवान ‘धुळ्याला नेमणुकीस’ असतो आणि त्याच दिवशी दुसऱ्या जिल्ह्यात ‘तैनात’ असू शकतो. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असतात, यावरूनच हे दोन शब्द एकमेकांच्या जागी चालणार नाहीत, हे उघड होते. एकट्या माणसासाठी ‘नेमणूक’ आणि तुकडीसाठी ‘तैनाती’ असा ढोबळ नियम लक्षात ठेवला, तर बहुतेक वेळा चूक होत नाही. दारावर एकटा पहारेकरी तैनात असतो, हे खरे. पण तेथेही त्याचे पद आपल्या मनात नसते, त्याचे उभे असणे असते.

व्याकरणाचेही थोडे सांगतो. ‘तैनात’ हे आजच्या मराठीत विशेषण म्हणून चालते आणि ते विकारी नाही: तुकडी तैनात आहे, जवान तैनात आहेत, विमाने तैनात केली. ‘तैनाती’ हे स्त्रीलिंगी नाम आहे. ‘तैनाती फौज’ यात मात्र तेच रूप विशेषण म्हणून आले आहे.

‘तैनाती’ अगदी नेमकी बसते, असे संसदेतलेच एक उदाहरण देतो, कारण त्यात आणखी एका शब्दाचा प्रश्न दडलेला आहे. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी संरक्षण मंत्री राजनाथ सिंह यांनी राज्यसभेत पूर्व लडाखमधील पँगाँग सरोवराच्या परिसरातील समझोत्याविषयी निवेदन केले. चीनचे सैन्य उत्तर किनाऱ्यावर फिंगर ८ च्या (तेथे सरोवराकडे उतरणाऱ्या डोंगरसोंडांना ‘फिंगर’ म्हणतात) पूर्वेस राहील आणि भारताचे सैन्य फिंगर ३ जवळच्या धनसिंह थापा चौकीवर, म्हणजे आपल्या कायमच्या ठाण्यावर राहील, असे त्यात होते. आघाडीवर पुढे आणून ठेवलेल्या तुकड्या टप्प्याटप्प्याने हलवायच्या होत्या. येथे ‘आघाडीवरील तैनाती’ आणि ‘कायमचे ठाणे’ हा भेदच साऱ्या निवेदनाचा कणा आहे; ‘ठाणे’ हा शब्द आपल्याकडे असताना ‘स्थायी तळ’ असे अवघडून लिहिण्याची गरज मला वाटत नाही. त्या काळात या घडामोडीला मराठीत ‘सैन्यमाघारी’ म्हटले गेले. मला तो शब्द तेव्हाही खटकला होता. मराठीत ‘माघार घेणे’ यात हार मानण्याची, शब्द फिरवण्याची छटा आहे. निवडणुकीत उमेदवार माघार घेतो, भांडणात एक जण माघार घेतो. दोन्ही बाजूंनी ठरवून सैन्य मागे घेण्याला ‘सैन्य मागे घेणे’ एवढेच म्हटले असते, तर कोणत्याच बाजूच्या हारजितीचा निवाडा शब्दातून झाला नसता.

पदांच्या बाजूचे शब्दही जपून वापरावेत. ‘तूट’ पैशांची किंवा पावसाची असते. माणसांच्या बाबतीत ‘कमतरता’ चालेल, पण आकडा द्यायचा असेल, तर ‘रिक्त पदे’ सर्वांत निःसंदिग्ध. ‘पद’ आणि ‘हुद्दा’ यांतही अंतर आहे: सुभेदार हा हुद्दा आहे, तो माणसासोबत पलटणीतून पलटणीत जातो, पद जागेवरच राहते आणि म्हणूनच ते रिक्त होऊ शकते. दलाच्या मंजूर आकड्याला ‘मंजूर संख्याबळ’ आणि हजर असलेल्यांना ‘प्रत्यक्ष संख्याबळ’ म्हणावे. नवीन दल निर्माण करण्याला ‘उभारणे’ हे आपले जुने क्रियापद आहे. १८२५ मध्ये आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभारली, असे आपण म्हणतो. ती तेथे ‘भरली’ किंवा ‘तैनात केली’ असे म्हणत नाही. ‘रक्षामंत्री’ की ‘संरक्षण मंत्री’, असेही कोणी विचारील. मराठीत ‘संरक्षण मंत्री’ हेच रूढ आणि योग्य आहे, कारण ‘रक्षा’ म्हटल्यावर मराठी मनाला आधी रक्षाविसर्जन आठवते.

आता बाईंच्या वर्गातील त्या उत्तराचे मराठी. मी ते असे लिहीन: ‘तिन्ही सैन्यदलांच्या मंजूर संख्याबळापैकी अधिकारी, जेसीओ, जवान, वायुसैनिक आणि नौसैनिक यांची मिळून १,२२,५५५ पदे रिक्त असल्याची माहिती संरक्षण राज्यमंत्र्यांनी लेखी उत्तरात दिली.’ दुसऱ्या विद्यार्थ्याचे गुण तसेच राहू द्यावेत. पहिल्याचा अर्धा गुण कमी करावा आणि कमी का केला, हे सांगताना त्याला तैनात जाबत्याची गोष्ट जरूर सांगावी.