58 टक्के आणि तुझी ती तीन पानं

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा बारावीचा निकाल तुझ्या वडिलांकडून कळला. ते फोनवर फार हळू बोलत होते, घरात कोणाला ऐकू जाऊ नये असं. त्या रात्री तू मार्चमध्ये पाठवलेली तीन पानं मी पुन्हा काढली. तेव्हा नुसती चाळली होती, आता नीट वाचली. हे पत्र त्या पानांमुळे लिहितोय.

गणित असं होतं: कोणतेही पाच पूर्णांक घ्या, त्यातून असे तीन निवडता येतात की त्यांची बेरीज 3 ने भागली जाते. तू प्रत्येक संख्येला 3 ने भागून बाकी लिहिलीस आणि बाक्यांचे सगळे प्रकार मांडलेस. मी मोजले. प्रकार 21 होतात, आणि तुझे 21 आहेत. एकही सुटला नाही, एकही दोनदा आला नाही. हे कोणी तुला शिकवलेलं नव्हतं.

छोटी वाट अशी. बाक्या तीनच: 0, 1, 2. तिन्ही आल्या असतील तर प्रत्येकीतली एक संख्या घे, बाक्यांची बेरीज 3 झाली. तिन्ही आल्या नसतील तर पाच संख्या जास्तीत जास्त दोन गटांत आहेत, म्हणजे एका गटात निदान तीन. तेच तीन घे, सारख्या तीन बाक्यांची बेरीज 3 ने भागली जातेच. झालं. पण ही वाट मी तुला आधीच दाखवली असती तर ती तीन पानं झाली नसती, आणि मला ती पानं जास्त मोलाची वाटतात. चूक एकच आहे: संख्यांऐवजी बाक्यांवर काम का चालतं, ते तू लिहिलंच नाहीस. ‘उघड आहे’ म्हणून पुढे गेलीस. ते उघड नाही, लिहावं लागतं.

आता निकालाचं. गणितात 74, रसायनात 38. आईच्या ऑपरेशननंतर स्वयंपाक तुझ्याकडे होता, हे मला ठाऊक आहे. पण रसायनाची वही तू त्याच्या आधी, ऑक्टोबरातच बंद केली होतीस, हेही आपल्या दोघांना ठाऊक आहे. लोकांना काय सांगायचं ते सांग, स्वतःला मात्र दोन्ही कारणं सांग.

काय बंद झालं ते स्पष्ट लिहितो. आयआयटीसाठी खुल्या प्रवर्गाला बारावीत 75 टक्के लागतात, नाहीतर आपल्या बोर्डाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये यावं लागतं. पुण्याच्या आयसरला, म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या संस्थेला, 60 टक्के लागतात. दोन टक्क्यांनी हुकलेली ही गोष्ट तुला सगळ्यात जास्त लागली असणार. श्रेणीसुधारासाठी पुन्हा बसायचा विचार तुझ्या मनात असेल तर आयसरचं यंदाचं माहितीपत्रक आधी शेवटच्या ओळीपर्यंत वाच, मग ठरव. माझं मत विचारशील तर रसायनासाठी आणखी एक वर्ष देऊ नकोस.

कारण गणितासाठी या देशात दोन जागा अशा आहेत, जिथे शिरायला फार कठीण आहे आणि तरी बारावीचे टक्के विचारत नाहीत. एक कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था, प्रशांतचंद्र महालनोबिसांनी 1931 मध्ये उभारलेली. तिथे बी.स्टॅट. ही संख्याशास्त्राची पदवी आहे, आणि तिच्याच बंगळूरच्या केंद्रात बी.मॅथ., गणिताची. दुसरी चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट, चेन्नईबाहेर सिरुसेरीला. गणिती सी. एस. शेषाद्रींनी 1989 मध्ये सुरू केली. कोलकात्याची अट एवढीच, की बारावी झालेली असावी आणि त्यात गणित नि इंग्रजी असावं. दोन्हीकडे स्वतःची प्रवेश परीक्षा, दोन्ही साधारण मे महिन्यात, पेपर इंग्रजीत.

कोलकात्याच्या परीक्षेतली एक गोष्ट मला फार आवडते. सकाळचा पेपर पर्यायांचा असतो, 30 प्रश्नांचा. बरोबर उत्तराला 4 गुण, चुकीला 0, आणि प्रश्न कोरा सोडला तर 1. येत नाही हे प्रामाणिकपणे कबूल केलं त्याचा तो एक गुण. आपल्याकडे तीस वर्षं मी मुलांना ‘काहीतरी लिहून या, कोरं सोडू नका’ असंच सांगत आलो. दुपारचा पेपर आठ प्रश्नांचा, दोन तासांचा. तिथे नुसतं उत्तर पुरत नाही, ते का बरोबर हेही लिहावं लागतं, पायरीपायरीने. चेन्नईलाही असेच दोन भाग असतात, आणि पहिल्या भागात ठरावीक गुण मिळाले तरच दुसरा तपासतात.

पण टक्के विचारत नाहीत म्हणजे सोपं आहे असं मानू नकोस. तुझ्या शेजारच्या बाकावर आठवीपासून ऑलिम्पियाडची, म्हणजे शाळकरी मुलांच्या गणित स्पर्धांची, गणितं करणारी मुलं असतील. मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या देखरेखीखाली त्या परीक्षा होतात. पुण्यात गणिती श्रीराम अभ्यंकरांनी 1976 मध्ये काढलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानमध्ये त्या परीक्षांचे वर्ग चालत आले आहेत. आपल्या बार्शीत हे कोणी तुला सांगितलं नाही. मी सांगायला हवं होतं. ती वेळ आता गेली, कारण त्या परीक्षा बारावीपर्यंतच्या मुलांसाठी असतात. रामानुजन बाकीच्या विषयांत नापास झाले होते हे तुला येता-जाता कोणीतरी ऐकवेल. ऐकून घे आणि विसर. ते उदाहरण कोणाच्याच उपयोगाचं नाही.

एक गोष्ट मी फारशी कोणाला सांगत नाही. वीसेक वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. पायऱ्या गाळायचा, उत्तर बरोबर असायचं. मी गुण कापत गेलो. अकरावीत त्याच्या वडिलांना मीच म्हणालो, याला कॉमर्सला घाला, याचं गणित कच्चं आहे. आज त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. गेल्या दिवाळीत कडी-कोयंडा आणायला गेलो, तर त्याने बिलबुक उलटं करून मला दाखवलं. पाठच्या कोऱ्या बाजूंवर जादूचे चौरस होते, उभी-आडवी-तिरकी बेरीज सारखी येणारे, पाच बाय पाचाचे, सात बाय साताचे, आणि ते भरायची त्याने स्वतः शोधलेली रीत. माझ्यावर राग नव्हता त्याचा, उलट चहा मागवला. अशा परीक्षा असतात हे मला त्या काळी माहीत नव्हतं. माहिती करून घेणं हे माझं काम होतं, आणि मी ते केलं नाही. तुझ्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच माझ्या मनात आहे.

तर वर्ष असं जाऊ दे. घरी बसू नकोस. गावातल्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घाल, गणित घेऊन. प्रवेश परीक्षा बारावीनंतरच्या वर्षीही देता येते. चेन्नईच्या संस्थेच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांचे पेपर आहेत, पैसे पडत नाहीत. रोज एकच प्रश्न घे. दोन दिवस उत्तर पाहायचं नाही. सुटला तर स्वच्छ लिहून काढ, नाही सुटला तर कुठे अडलीस तेवढंच लिही. मला सुटलेल्यांपेक्षा अडलेली पानं आधी दाखव. आणि इंग्रजीत लिहायची सवय आत्तापासून कर. मराठी माध्यमातल्या मुलांना कल्पना सुचते, पण वाक्य सुचत नाही, आणि दोन तासांत ते महागात पडतं.

वडिलांशी मी बोलेन. खर्चाची त्यांना काळजी आहे. कोलकात्याच्या संस्थेत शिकवणीची फी नाही, उलट दरमहा विद्यावेतन मिळतं. ते टिकवायला तिथे अभ्यास मात्र करावा लागतो, आणि तिथे ऑक्टोबरात वही बंद करता येणार नाही. मुलगी लांब जाणार याची धास्ती वेगळी. कुर्डुवाडीला गाडीत बसलं की दुसऱ्या दिवशी चेन्नई, हे मी त्यांना नकाशा काढून दाखवीन.

नाही झालं तर बी.एस्सी. चालू असेलच. कॉलेजातल्या मुलांसाठी एमटीटीएस नावाचं उन्हाळी गणित शिबिर 1993 पासून भरतं, त्याला अर्ज करायचा. पदवीनंतर एम.एस्सी.साठी जॅमची परीक्षा असते. हे आज एवढंच, पुढचं पुढे.

रविवारी सकाळी दहानंतर ये. येताना हे करून आण. तीनच्या जागी चार घे: चार संख्यांची बेरीज 4 ने भागली जायला हवी. आधी निदान किती संख्या हातात हव्यात? सहा पुरत नाहीत, तीन वेळा 0 आणि तीन वेळा 1 घेऊन बघ. सात पुरतात. का पुरतात ते लिही. यावेळी सगळे प्रकार मांडत बसलीस तर वही संपेल.

तुझे,
सर