सरासरी सोड, वाईट वर्षाचं विचार

तुझा मेसेज वाचला. शेतकऱ्यांसोबत क्लायमेट चेंजवर काम करायचंय, त्यासाठी आधी जीआयएस (कॉम्प्युटरवर नकाशे आणि जागेची माहिती जोडून बघायचं तंत्र) शिकू की कार्बनचं गणित, म्हणजे उत्सर्जन किती होतं ते मोजणं, शिकू असं विचारलंयस. दोन्ही शीक, वाया काही जात नाही. पण त्याआधी एक सवय लावून घे, गावात कुठलाही आकडा समोर आला की तो सरासरी आहे का वाईट वर्षाचा आहे हे आधी बघायचं. प्रोजेक्टचे कागद सगळे सरासरीत लिहिलेले असतात, सरासरी पाऊस, सरासरी उत्पन्न, सरासरी वाढ, आणि शेतकऱ्याचं घर काही सरासरीवर चालत नाही. चार वर्षं बरी गेली आणि एक वाईट गेलं तर त्या एका वर्षात जनावरं विकली जातात, कर्ज चढतं, पोरांची शाळा सुटते, आणि पुढची बरी वर्षं ते भरून काढण्यातच जातात.

आणि हवामान बदलाचा तडाखा बसतो तो नेमका इथेच. हवा १ अंशाने तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त वाफ मावते. म्हणजे पडतो तेव्हा धो धो पडतो, मधली उघडीप लांबते, आणि वर्षाची बेरीज केली तर पाऊस नॉर्मल! कागदावर सगळं ठीक आणि शेतात दुबार पेरणी. भाताचं बघ, फुलोऱ्याच्या दिवसांत तापमान ३५ अंशांच्या वर गेलं, अगदी तासाभरासाठी गेलं तरी परागीभवन बिघडतं आणि दाणे पोचट राहतात. हंगामाच्या सरासरी तापमानात हे तुला कधीच दिसणार नाही.

म्हणून गावात गेल्यावर "हवामान बदलाचा तुमच्यावर काय परिणाम झाला" असं विचारू नकोस. बाहेरून कोणी वही घेऊन आलं की लोकांना कळतं याला काय ऐकायचंय, आणि ते तेच सांगतात, बिचारे पाहुण्याला नाराज कशाला करतील. त्यापेक्षा विचार, सगळ्यात वाईट वर्ष कुठलं होतं, त्या वर्षी आधी काय विकलं, उसने कोणाकडून आणले, आणि सगळ्यांचं पीक गेलं तेव्हा कोणाचं थोडंफार वाचलं होतं. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कोणाचं तरी वाचलेलं असतंच, आणि त्याला काहीतरी कारण असतं, खोल माती असेल, बांध धरलेला असेल, दोन पिकं मिसळून पेरली असतील, नाहीतर पेरणीच उशिरा केली असेल. तुझं काम त्या शेतापासून सुरू होतं.

पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोमध्ये याकूबा सावाडोगो नावाचे शेतकरी होते, २०२३ मध्ये वारले. १९८० च्या सुमाराला दुष्काळात तिकडची जमीन इतकी कडक झाली होती की पाणी मुरतच नव्हतं, वरून वाहून जायचं. त्या भागात 'झाई' म्हणून छोटे खड्डे घ्यायची जुनी पद्धत होती, यांनी ते खड्डे मोठे केले आणि पाऊस यायच्या आधीच त्यात शेणखत, पालापाचोळा भरायला लागले. खताच्या वासाने वाळवी यायची, ती माती पोखरायची, त्या भोकांतून पाणी खाली जायचं. वाळवीला कामाला लावणारा हा माणूस मला फार आवडतो. नापीक जमिनीवर ज्वारी-बाजरी आली आणि पुढे झाडंही उभी राहिली. पण याची दुसरी बाजू रिपोर्टात एका ओळीत उरकतात, हे खड्डे घेणं म्हणजे भर उन्हाळ्यात कडक जमिनीवर ढोरमेहनत आहे. ज्या घरात हात कमी, कर्ते लोक कामाला शहरात गेलेले, तिथे खड्डे कोण घेणार? आणि भारी चिकण मातीत, जास्त पावसाच्या वर्षी त्याच खड्ड्यात पाणी साचून पीक सडू शकतं. त्यामुळे "तिकडे चाललं" एवढ्यावर उडी मारू नकोस, माती कुठली, हात किती, पाऊस कसा पडतो हे बघ.

शेजारच्या नायजरची गोष्ट तर अजून शिकण्यासारखी आहे. टोनी रिनाउडो हे ऑस्ट्रेलियन कृषितज्ञ मारादी भागात रोपं लावत होते आणि बहुतेक रोपं मरत होती. १९८३ मध्ये त्यांच्या लक्षात आलं की शेतात जी झुडपं म्हणून दिसतायत ते तोडलेल्या झाडांचे बुंधे आहेत, मुळं जमिनीत जिवंत आहेत. मग नवीन रोपं लावायचं सोडून बुंध्याला येणाऱ्या फुटव्यांतले चारदोन जोमदार ठेवायचे, बाकी छाटायचे, एवढंच. पुढे नायजरमध्ये हे साधारण ५० लाख हेक्टरवर पसरलं. पण नुसतं तंत्र चांगलं म्हणून पसरलं असं समजू नकोस हं, तिथे आधी झाडं सरकारच्या मालकीची मानली जायची, म्हणजे शेतकऱ्याने झाड जपायचं आणि तोडताना दंडही त्यालाच. झाड आपलं आहे, त्याचं लाकूड आपल्याला मिळणार, ही खात्री वाटायला लागली तेव्हा लोकांनी फुटवे जपले.

मालकीचा हा मुद्दा तुला जगात कुठेही भेटेल. दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारा माणूस बांध घालत नाही, झाड लावत नाही, मातीत सेंद्रिय खत ओतत नाही, कारण पुढच्या वर्षी जमीन त्याच्याकडे असेलच असं नाही. त्याला "जागरूकता नाही" म्हणून ट्रेनिंग देणारे लोक मला कळतच नाहीत, त्याचा हिशोब पक्का असतो. बायकांचंही तेच, पेरणी, खुरपणी, बियाणं जपणं, पाणी आणणं सगळं त्या करतात आणि जमिनीला नाव नाही, मग कर्जाला, विम्याला, अनुदानाला कागद कुठून आणायचा? मीटिंगला कोण आलंय यापेक्षा वाईट वर्षात ओझं कोणावर पडतं ते बघ आणि त्यांच्याशी वेगळं बोल, चारचौघांत त्या बोलणार नाहीत.

आता उपायांकडे येऊ. प्रत्येक उपायाला दोन प्रश्न विचारायचे, वाईट वर्षी याने काय वाचतं आणि चांगल्या वर्षी याची किंमत काय पडते. भाताचं सब-१ हे पुराखाली तगवणारं जनुक याचं फार छान उदाहरण आहे. एफआर१३ए हे ओडिशातल्या देशी भातातून निवडलेलं वाण, पुराखाली तग धरणारं, पण उत्पन्न कमी. त्यातलं हे नेमकं जनुक २००६ मध्ये जाहीर झालं आणि ते स्वर्णासारख्या लोकप्रिय वाणात संकर करून आणलं. स्वर्णा-सब१ साधारण दोन आठवडे पाण्याखाली राहून पुन्हा उठतं, आणि पूर आलाच नाही तर साध्या स्वर्णाइतकंच पिकतं, म्हणजे चांगल्या वर्षी गमवायचं काहीच नाही. ओडिशात यावर अभ्यास झाला तेव्हा दिसलं की हे बियाणं मिळालेले शेतकरी बाकी शेतीवरही जास्त खर्च करायला लागले, खत जास्त, लावणीवर मेहनत जास्त. पूर आला तर सगळं जाणार ही भीती कमी झाली म्हणून हात मोकळा झाला. बुडायची भीती कमी केली की चांगल्या वर्षाचं उत्पन्नही वाढतं, हे मला सगळ्या लेक्चरांपेक्षा मोठं वाटतं.

उलट उदाहरण ठिबकचं. ठिबक वाईट नाही, शेताच्या पातळीवर पाणी वाचतंच. पण वाचलेल्या पाण्याचं पुढे काय होतं? माणूस आणखी क्षेत्र भिजवतो, नाहीतर जास्त पाण्याच्या नगदी पिकाकडे वळतो, आणि आधी जे पाणी मुरून खालच्या विहिरींना जायचं तेही बंद होतं. मग अख्ख्या खोऱ्याचा हिशोब केला तर वापर तेवढाच किंवा जास्तच. सोलर पंपाचंही तसंच, डिझेलचा धूर गेला हे चांगलं, पण ऊन फुकट असल्यावर पंप बंद कोण करतंय, भूजल उतरत जातं आणि वाईट वर्षी ज्याची बोअर सगळ्यात खोल तोच शेवटपर्यंत पाणी पितो. त्यामुळे पाणी किती आहे, कुठलं पीक कितीला, बोअर किती खोल जाऊ द्यायची हे गावाने आधी बसून ठरवावं आणि मग पंप यावेत. ही बैठक कंटाळवाणी असते, भांडणं होतात, फोटोही चांगले येत नाहीत, म्हणून बहुतेक ठिकाणी ती होतच नाही.

हवामानाचा अंदाज सांगताना फार जपून. "सरासरीपेक्षा जास्त पावसाची शक्यता ४५ टक्के" याचा अर्थ ५५ टक्के शक्यता तसं न होण्याची आहे, पण गावात ते "यंदा पाऊस जास्त" एवढंच पोचतं. आधी त्या भागाचे जुने पावसाचे आकडे लोकांसोबत बसून वाचायचे, पाऊस कधी सुरू झाला, मधे खंड किती दिवसांचा पडला, असं वर्षवार. त्यांच्या आठवणीशी ताडून बघायचं, मग अंदाजाकडे यायचं. आकडे आणि आठवण जुळत नाहीत तिथे गप्पा खऱ्या रंगतात. हवामान विम्याचंही आधीच उघड सांग, भरपाई तुमच्या शेतावर नाही तर हवामान केंद्रावरच्या किंवा उपग्रहाच्या आकड्यावर ठरत असेल तर तुमचं शेत करपूनही पैसे न मिळण्याची शक्यता आहे. हे सांगितल्यावर काही लोक विमा घेणार नाहीत, चालेल. न सांगता घ्यायला लावलास तर एका वाईट वर्षात तुझा सगळा विश्वास जाईल.

आता उत्सर्जन कमी करायचा भाग, जो तुझ्या मेसेजमध्ये सगळ्यात आधी होता आणि मी मुद्दाम शेवटी घेतलाय. २०१९ मध्ये जगाच्या हरितवायू उत्सर्जनात शेती, जंगलतोड आणि जमीन वापर मिळून साधारण २२ टक्के होते, म्हणजे विषय मोठाच आहे. पण दोन एकरवाल्याला जाऊन "तुमच्यामुळे मिथेन होतो" म्हणणं मला तरी जमत नाही. त्याला फायदा होतो ते आधी कर, उत्सर्जन त्याच्यासोबत कमी होऊ दे. भातात उभ्या पाण्याखाली मिथेन हा हरितवायू तयार होतो, म्हणून पाणी कायम उभं ठेवण्याऐवजी आलटून पालटून द्यायची पद्धत आहे, शेतात भोकं पाडलेली नळी पुरायची, पाण्याची पातळी जमिनीखाली १५ सेंटीमीटरपर्यंत उतरली की पाणी द्यायचं, फुलोऱ्यात मात्र पाणी ठेवायचं. मिथेन साधारण निम्म्यापर्यंत कमी होतो, पाणीही ३० टक्क्यांपर्यंत वाचतं. पण जिथे पाणीपट्टी एकरावर आहे, वापरावर नाही, तिथे शेतकऱ्याचा फायदा काय? नळी बघायचं काम वाढलं, तण वाढलं, वाचलेलं पाणी कालव्यात दुसऱ्याला. तिथे हे टिकणार नाही, आणि स्वतःच्या डिझेलवर पंप चालवणाऱ्याकडे लगेच टिकेल.

युरियाचंही असंच. जमिनीत जास्त पडलेल्या नत्रातला काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो, आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवणारा आहे. पानाच्या हिरव्या रंगावरून युरिया कधी द्यायचा ते सांगणारी एक साधी प्लॅस्टिकची पट्टी मिळते, लीफ कलर चार्ट म्हणतात, ती वापरली की खर्च वाचतो, कीडही कमी येते, आणि हवामानाचं काम आपोआप होतं.

मातीतल्या कार्बनबद्दल मात्र जरा सावध राहा. सेंद्रिय पदार्थ वाढवलेच पाहिजेत, माती पाणी धरते, उघडीप लांबली तर पीक चारदोन दिवस जास्त तग धरतं, त्यासाठी कर. पण त्याच्या जोरावर कार्बन क्रेडिटचे, म्हणजे साठवलेल्या कार्बनच्या बदल्यात कंपन्या देतात ते, पैसे येतील असं वचन देऊ नकोस. कार्बन हळूहळू साठतो, एका मर्यादेनंतर वाढायचा थांबतो, आणि शेत पुन्हा खोल नांगरलं की परत जाऊ शकतो. कोणी कंपनी करार घेऊन आली तर तीन गोष्टी आधी वाच, करार किती वर्षांचा, मोजणीचा खर्च कोणाकडून कापणार, आणि दुष्काळात झाडं मेली तर जबाबदारी कोणाची. तिसऱ्याचं उत्तर "शेतकऱ्याची" असेल तर वाईट वर्षाचं ओझं पुन्हा त्याच्याच डोक्यावर, मग करार कितीही हिरवा असू दे.

कोर्सचं ठरवशील तेव्हा ठरव. गाव ठरलं की मला कळव आणि सोबत एवढं पाठव, माती कुठली, पाणी कुठून येतं, किती लोक स्वतःची जमीन कसतात आणि किती दुसऱ्याची, आणि गावातल्या निदान चारपाच घरांनी सांगितलेलं सगळ्यात वाईट वर्ष. घरागणिक वर्ष वेगळं निघालं तर घाबरू नकोस, कोण का वेगळं सांगतंय तेही लिहून पाठव, मग फोनवर बोलू.